आधी नांगर, मग शीड: नवी मुंबईहून कोकण किनाऱ्याने शिडाच्या नौकेतून जाताना

वाशीच्या पुलाखालचं पाणी आणि सिंधुदुर्गाच्या तटाला धडकणारं पाणी एकच आहे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण लोकलच्या दारात उभं राहून खाडीकडे बघताना ते काही केल्या पटत नाही. मला पटलं ते चाळिशीत, नोकरीतल्या एका कंटाळवाण्या वर्षी शिडाची नौका शिकायला गेलो तेव्हा. चार महिन्यांत शीड आवरायला लागलो, टॅक मारायला (वाऱ्याच्या विरुद्ध नागमोडी जायला) लागलो आणि आपल्याला आता सगळं येतं असं वाटायला लागलं. त्याच सुमारास दिवाळे कोळीवाड्यातल्या एका काकांना मी मोठ्या उत्साहाने माझा मालवणपर्यंतचा बेत सांगितला. जाळं विणताविणता त्यांनी एवढंच विचारलं, "रातचा कुठं ऱ्हाशील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. "होरी चालवाला कोन बी शिकल रं," ते म्हणाले, "थांबवाला शिक पयलं."

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. बेलापूर, नेरूळ, वाशी किंवा ठाण्यात राहणाऱ्या, शिडाची थोडीफार तोंडओळख झालेल्या किंवा करून घ्यायची इच्छा असलेल्या माणसासाठी हे लिहितोय. पंचवीस ते तीस फुटांची, छोटं इंजिन असलेली, दीड मीटरच्या आसपास कील (तळाखाली लोंबणारा जड कणा) असलेली नौका डोळ्यांसमोर ठेवली आहे.

शिकणं आणि नौका मिळवणं

हा भाग लवकर उरकतो. नवी मुंबईच्या बाजूला शिडाच्या नौका बांधून ठेवायची म्हणावी तशी सोय नाही. बहुतेक नौका गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधलेल्या) किंवा पलीकडे मांडव्याला असतात, त्यामुळे शिकायलाही तिकडेच जावं लागतं. मांडव्याला जाणं आता त्रासाचं राहिलेलं नाही, भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो चालते. पहिल्या वर्षी नौका विकत घेऊ नका. दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून जा, शर्यतीत दोऱ्या ओढा, डेक धुवा. ज्यांच्याकडे नौका असते त्यांच्याकडे माणसं कायम कमी असतात. उन्हात सहा तास बसून कुरकुर न करणारा माणूस त्यांना हवाच असतो.

नौका स्वतःची असेल किंवा भाड्याची, नोंदणी आणि विम्याची कागदपत्रं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या नियमांप्रमाणे आहेत ना, हे निघण्याआधी बघून घ्या. २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. प्रत्येकाचं आधार कार्ड आणि नौकेचे कागद प्लास्टिकच्या एकाच पिशवीत, हाताशी ठेवा.

हंगाम आणि वारा

नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात आणि होड्या पुन्हा पाण्यात जातात. हौशी माणसाने मात्र आणखी दोन महिने थांबावं. ऑक्टोबरअखेर ते एप्रिल हा आपला काळ, त्यातही नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचा. जूनपासून नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की मूरिंगवरच्या नौकाही उचलून कोरड्यावर ठेवतात, तिथे प्रवासाची गोष्टच नको. मे महिना फसवा असतो. पाणी गरम, वारा दुपारी जोरात आणि अरबी समुद्रात वादळाची शक्यता. तौक्ते २०२१ च्या मे महिन्यात आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग थेट रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. नोव्हेंबरही निर्धोक नाही, फयान २००९ च्या नोव्हेंबरातलंच. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज रोज सकाळी बघायची सवय लावा. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर त्या दिवशी पत्ते खेळा.

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्याला वाऱ्याचं रोजचं वेळापत्रक असतं. पहाटे आणि सकाळी जमिनीकडून मतलई वारा येतो, साधारण पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, हलका आणि थंड. दहा-अकराला तो पडतो. तासदीड तास समुद्र तेलासारखा गुळगुळीत होतो, शीड लोंबतं, नवख्या माणसाला उलटी होते ती याच वेळात. मग दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो आणि चारच्या सुमारास चांगला दहा-पंधरा नॉटचा (ताशी सागरी मैलांचा) होतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो म्हणून जाणं सोपं. परत येताना तोच तोंडावर बसतो. तीन दिवसांत जो किनारा गेलात त्याला परतताना पाच दिवस धरा. सोमवारी ऑफिस गाठायचं असेल तर हा हिशोब घरूनच करून निघा.

तिथीची पाऊणपट

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. कालनिर्णयवर तिथी बघितली की काम झालं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोनवरच्या कोष्टकाशी ताडून बघितलं. वीस-तीस मिनिटांचा फरक पडतो, कधी जास्तही. म्हणून प्रवासाचा बेत छापील किंवा फोनवरच्या कोष्टकावर करा, पण ही रीत डोक्यात असू द्या. फोन पाण्यात पडतो, तिथी पडत नाही. आणखी एक लक्षात ठेवा: कोष्टक अपोलो बंदराचं असतं. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा, ठाण्याच्या टोकाला तर चांगलाच फरक.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती चढणार. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, मुंबईत तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे फरक निम्म्यावर किंवा त्याहून कमी. (पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' असं येतं ना, ती लाटांची उंची नसते. ती भरतीच्या पाण्याची पातळी असते. दरवर्षी तीच चूक, आणि दरवर्षी मरीन ड्राइव्हवर त्या लाटा बघायला गर्दी.)

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा फरक ३.६ मीटर आहे, म्हणजे एक भाग ३० सेंटिमीटर. मधल्या दोन तासांतच १.८ मीटर पाणी चढतं किंवा उतरतं, आणि खाडीतला प्रवाहही तेव्हाच सगळ्यात जोरात असतो. हा हिशोब बोटांवर करता यायला हवा. त्यावरच पुढे रात्रीची झोप अवलंबून आहे.

घराजवळचा सराव

मोठ्या प्रवासाआधी किमान दहा-बारा दिवस मुंबई बंदराच्या पाण्यातच काढा. रोज सकाळी निघून संध्याकाळी परत, आणि प्रत्येक वेळी कुठेतरी नांगर टाकून जेवण. घारापुरीच्या आडोशाला किंवा मांडव्याच्या बाहेर ते जमतं. फेरीबोटींच्या वाटेपासून मात्र दूर राहा.

आपल्या ठाणे खाडीत, पुलांच्या आत शिडाची नौका न्यायचा मोह सोडून द्या. डोलकाठीला पूल आडवे येतात आणि विजेच्या ताराही. ओहोटीला दोन्ही काठ चिखलाचे मैदान होतात. वरच्या भागात २०१५ पासून फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, २०२२ पासून ते रामसर स्थळही झालं. तिथे काही काम असेल तर ते दुर्बिणीचं. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा, पीर पाव आणि जवाहर द्वीपाचे तेलाचे धक्के, नौदलाचं क्षेत्र: इथे रेंगाळायचं नाही, नांगर तर अजिबात नाही.

न्हावा-शेवाला जाणारी कंटेनर जहाजं बंदराच्या खोल वाटेतून येतात. शिडाच्या नौकेला इंजिनवाल्याने वाट द्यायची असते हा नियम खरा, पण अरुंद खोल वाटेतच चालू शकणाऱ्या जहाजाला अडवायचं नाही हाही नियमच आहे. तीनशे मीटरचं जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, थांबूच शकत नाही. वाट ओलांडायची तर काटकोनात आणि झटपट. व्हीएचएफ (जहाजांचा बोलायचा) रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर कायम चालू ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ नौकेत डोळ्यांसमोर चिकटवून ठेवा. घरच्यांनाही लिहून द्या, सोबत कुठल्या दिवशी कुठे असाल त्याचा कागद.

आडोसा कसा ओळखायचा

आता मुख्य गोष्ट. संध्याकाळी पाच वाजता तुम्ही नकाशावर रात्रीची जागा शोधत असाल तर आधीच उशीर झालाय. जागा सकाळी ठरते, आणि एक नाही तर दोन: ठरलेली आणि अलीकडची. पोहोचायची वेळ सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी. अंधारात अनोळखी खाडीत शिरू नका. कारण फक्त खडक नाहीत, जाळी आहेत. एका जागी बांधलेल्या डोल जाळ्यांसाठी ठोकलेल्या लाकडी कवी, म्हणजे खांब, आणि थर्माकोलचे बोये दिवसाही शेवटच्या क्षणाला दिसतात. पंख्यात दोरी अडकली की नवीन नौकेचं इंजिनसुद्धा भंगार.

नकाशा देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा असू द्या, फोनवरचा सोबत. आणि अक्षांशाची एक सोय शिकून घ्या: अक्षांशाची एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. आपला किनारा जवळपास उत्तर-दक्षिण असल्याने नुसते अक्षांश वजा केले तरी अंतर कळतं. गेटवे १८ अंश ५५ मिनिटांवर, जंजिरा १८ अंश १८ वर. सदतीस मैल, वळणं धरून चाळीस. ताशी पाच मैलांनी आठ तास. म्हणजे हिवाळ्यात पहाटे निघाल्याशिवाय उजेडात पोहोचत नाही.

नकाशावर काय शोधायचं? कोकणात याचं अर्धं उत्तर काही शतकांपूर्वीच्या माणसांनी देऊन ठेवलंय. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि कोर्लई, सावित्रीच्या मुखाशी बाणकोटचा हिम्मतगड, वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वाघोटनच्या मुखाशी विजयदुर्ग. किल्ला आहे म्हणजे त्याच्या मागे राखण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बहुतेक वेळा गलबतांना थांबायला सुरक्षित पाणी होतं. एक सावधगिरी मात्र हवी. गलबतं उथळ पाण्यात चालायची, ओहोटीला चिखलात बसली तरी त्यांचं बिघडत नसे. तुमच्या नौकेखाली दीड मीटरची कील लोंबतेय. आंग्र्यांना चाललेली प्रत्येक जागा तुम्हाला चालेल असं नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला हे सोपं उदाहरण. पर्यटक जिथे ओहोटीला टांग्यातून जातात, तिथे नांगर टाकला तर रात्री नौकेलाही टांगा लागेल.

वाऱ्याचा विचार दोनदा करा. दुपारी वायव्येचा वारा आहे, म्हणून उत्तरेला आणि पश्चिमेला डोंगर किंवा भूशिर असलेली जागा हवी. पण रात्री वारा जमिनीकडून येणार, नौका नांगराभोवती फिरून उलट्या बाजूला जाणार. तिथे काय आहे? खडपं (पाण्यातले खडक), कवी की उथळ चिखल? प्रवाहही सहा तासांनी उलटतो. नांगर हा वर्तुळाचा मध्य समजा आणि त्या पूर्ण वर्तुळात कुठेही नौका गेली तरी पाणी पुरतं का ते बघा.

वारा अडला म्हणजे लाट अडली असं होत नाही. भूशिराला वळसा घालून समुद्राची लांब लाट आत येते आणि नौकेला रात्रभर कुशीवर लोळवते. वारा नसताना हे जास्त होतं. पुळणीवर पांढरी फुटती रेघ दिसत असेल तर तिथली झोप विसरा, आणखी आत जा. आणि सर्वात भरवशाची खूण म्हणजे स्थानिक मच्छीमारी होड्या. त्या जिथे बऱ्याच संख्येने शांत उभ्या आहेत तिथलं पाणी चांगलं. त्यांच्यात घुसून जागा मात्र अडवू नका. पहाटे तीनला त्यांना निघायचं असतं. जवळ जाऊन "इथे टाकू का नांगर?" असं विचारलं की जागाही कळते, तळ कसा आहे तेही, आणि पुष्कळदा दोन बांगडेही मिळतात.

नांगर टाकणं

आपल्या खाड्यांचा तळ बहुतेक चिखलाचा, काही ठिकाणी इतका सैल की नांगर लोण्यात सुरी जावी तसा जातो आणि तसाच परतही येतो. चिखलाला रुंद पात्यांचा नांगर लागतो, आणि तुमच्या नौकेच्या मापाला जो सांगितलाय त्याहून एक नंबर मोठा. त्याला किमान दहा-पंधरा मीटर साखळी, पुढे दोर. साखळी-दोरावर दर पाच मीटरला रंगीत खूण करून ठेवा, अंधारात किती सोडलंय ते कळतं.

क्रम असा. जेनोआ (पुढचं शीड) गुंडाळा, मेनसेल (मुख्य शीड) उतरवा, इंजिनवर हळू आत या. ठरलेल्या जागेभोवती एक पूर्ण फेरी मारा, खोलीच्या मीटरवर नजर ठेवून. मीटर नसेल तर शिशाचं वजन बांधलेली दोरी. वजनाच्या बुडाला थोडं ग्रीस लावलं की तळाची माती चिकटून वर येते, वाळू की चिखल ते कळतं. मग वाऱ्याच्या तोंडावर नाळ (नौकेचं पुढचं टोक) करा, नौका थांबू द्या आणि नांगर हाताने तळापर्यंत सोडा. फेकू नका. सिनेमात फेकतात, इथे साखळी त्याच्यावरच गुंडाळली जाते. नौका मागे वाहू लागली की दोर सोडत राहा.

किती सोडायचा? भरतीला होणारी जास्तीत जास्त खोली, अधिक पाण्यापासून नाळेची उंची, याला साखळी असेल तर पाचने आणि दोर असेल तर सातने गुणा. सगळा सोडून झाला की लगेच ओढू नका, चिखलात नांगराला दहा मिनिटं बसू द्या. मग इंजिन मागे घालून हळूहळू जोर वाढवा. या वेळी नाळेवरच्या माणसाने तळहात ताणलेल्या दोरावर किंवा साखळीवर ठेवायचा. नांगर धरला असेल तर दोर गप्प असतो, फक्त ताण वाढत जातो. घसरत असेल तर हाताला खरखर लागते, बैलगाडी खडीवरून जावी तशी. एकदा ती खरखर अनुभवली की विसरत नाही. खरखर लागली की उचला आणि पुन्हा टाका. तीनदा टाकावा लागला तरी लाज बाळगू नका, किनाऱ्यावरून बघणारे असतातच.

मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत येतील अशा निवडा, मागेपुढे असलेल्या. देवळाचा कळस आणि त्यामागचा मोबाइल टॉवर, असं काही. आणि तशीच दुसरी जोडी आडव्या बाजूला. अर्ध्या तासाने जोड्या तिथेच असतील तर भात टाका. फोनवर नांगराचा अलार्म लावा, पण अंधार पडल्यावर दिसतील अशा दिव्यांच्या जोड्याही हेरून ठेवा. नांगरावर असताना दिवसा काळा गोळा आणि रात्री सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लावणं हा नियम आहे. पहाटे तीनला निघणाऱ्या होड्यांसाठी तो तुमचा जीव आहे.

आता माझी फजिती. कार्तिक शुद्ध दशमी, रेवदंड्याची खाडी. पावणेसहाला आत शिरलो, मीटरवर साडेतीन मीटर पाणी, माझी कील दीड मीटर. 'दोन मीटर शिल्लक आहे की' म्हणून खूश झालो. दशमी, म्हणजे साडेसातला भरती. तोवर आणखी अर्धा मीटर चढून चार मीटर होणार होतं आणि मग मध्यरात्रीनंतर पावणेतीन मीटर उतरणार होतं. चारातून पावणेतीन गेले, उरलं सव्वा. ही वजाबाकी तिसरीतल्या पोराला येते. मला ती रात्री एक वाजता आली, जेव्हा नौका हळूच एका बाजूला कलली आणि ओट्यावरचा कुकर माझ्या पायावर पडला. वारा फिरून मतलई झाला होता, नौका वळून काठाच्या बाजूला गेली होती आणि कील चिखलात रुतली होती. चिखल होता म्हणून वाचलो, खडप असतं तर हा लेख नसता. करण्यासारखं काहीच नव्हतं. इंजिन सुरू केलं नाही, कारण इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या नळीत चिखल गेला असता. खोल पाण्याच्या बाजूला छोट्या डिंगीतून दुसरा नांगर नेऊन टाकला, दोर ताणून ठेवला आणि पाणी चढायची वाट बघत तिरक्या डेकवर बसून राहिलो. साडेतीनच्या सुमारास नौका सरळ झाली, दुसऱ्या नांगरावर ओढून खोल पाण्यात आणली. सकाळी एकादशी. आदल्या रात्रीचा सांडलेला भात पुसत साबुदाण्याची खिचडी केली.

तेव्हापासून नांगर टाकण्याआधी मी डेकवर खडूने तीन आकडे लिहितो: आत्ताचं पाणी, सगळ्यात जास्त, सगळ्यात कमी. मधल्या आकड्यावर दोर, शेवटच्या आकड्यावर झोप.

दक्षिणेकडे, एकेक मुक्काम

मुंबईतून बाहेर पडताना ओहोटीबरोबर निघा, प्रवाह फुकट दोन मैल देतो. थळसमोर खांदेरी-उंदेरी लागतात. खांदेरीचं दीपगृह १८६७ पासून वाट दाखवतंय, त्याला आदराने थोडं लांब ठेवा. पुढे अलिबागसमोर चौल कडूचा खडक आहे. इथे किनाऱ्याजवळून जाण्यात काहीच मिळत नाही.

पहिला मुक्काम रेवदंडा. चढत्या पाण्यावर आत या, बार्जच्या वाटेत थांबू नका आणि पुलापर्यंत जायची गरज नाही. सव्वा मीटरचा किस्सा वर सांगितलाच आहे. दुसरा मुरूड. पद्मदुर्गाच्या आसपास खडप आहे, ते सोडून जंजिऱ्याच्या आत, राजपुरीच्या खाडीत शिरलात की समुद्र एकदम बोलायचा थांबतो. दिघीला येणाऱ्या जहाजांची आणि आगरदांडा-दिघी फेरीची वाट मोकळी ठेवा. नवख्या माणसाने पहिल्या वर्षी इथूनच परतावं असं माझं मत आहे. दोन रात्री जाताना, दोन येताना, त्यात शिकण्यासारखं सगळं येतं.

पुढचा टप्पा हर्णै, सुमारे तीस मैल. सुवर्णदुर्गाचा थोडा आडोसा मिळतो पण लाट फिरून आत येते, होड्यांची गर्दीही मोठी. एका रात्रीपुरती जागा. बाणकोट आणि दाभोळ नकाशावर मोहक दिसतात, दोन्ही नद्यांच्या मुखाशी मात्र वाळूचा दांडा आहे. जोरात उतरणारी ओहोटी आणि समोरून येणारी वायव्येची लाट यांची गाठ दांड्यावर पडली की लाटा उभ्या राहून फुटतात. अशा मुखातून फक्त भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, शांत सकाळी, आणि शक्यतो स्थानिक होडीच्या मागोमाग जावं. वेळ जमत नसेल तर बाहेरूनच पुढे चला.

हर्णैहून जयगड पुन्हा तीसेक मैल, आणि या किनाऱ्यावरची माझी सगळ्यात आवडती जागा. पाणी खोल, दांड्याची भीती नाही, मोठी जहाजं येतात म्हणजे वाट खुणावलेली. मुखाशी थांबलात तर वायव्येची लाट त्रास देते. किल्ला मागे टाकून शास्त्री नदीत आत गेलात की रात्री पाण्यात चांदण्या मोजता येतात. तिथून रत्नागिरी अठरा मैल, मिरकरवाड्याची गर्दी, डिझेल आणि बाजारासाठी ठीक.

विजयदुर्ग हा दुसरा भरवशाचा आडोसा. किल्ल्याच्या समुद्राकडच्या बाजूला पाण्याखाली जुनी बांधीव भिंत आहे, शत्रूच्या जहाजांसाठी ती काय होती ते तुम्हाला कळेलच, म्हणून तट जवळून बघायचा हट्ट नको. वळसा घालून पूर्वेच्या बाजूला, वाघोटन खाडीत नांगर टाका. मराठा आरमाराची गोदी याच खाडीत होती, ती उगाच नव्हे. देवगड दहा मैलांवर, आतून शांत, आणि हंगामात गेलात तर हापूसच्या पेट्यांनी नौकेची पाण्याची रेघ खाली जाते.

मालवणला मी नवख्यांना एकट्याने शिरू देणार नाही. सिंधुदुर्गाभोवती खडपंच खडपं, वाट नागमोडी. तिथल्या माणसाला फोन करून पुढे होडी बोलवा आणि त्याच्या मागे जा. हे सागरी अभयारण्य आहे, तळाला प्रवाळ. नांगर वाळूतच पडला पाहिजे.

शिधा आणि सकाळ

माणशी रोज चार लिटर पाणी, वर दोन दिवसांचं जास्तीचं. तिखट-मीठ, डाळ-तांदूळ, बटाटे, कांदे, भाजलेले शेंगदाणे, उलटी होणाऱ्यासाठी आल्याची वडी. लाइफ जॅकेट अंगावर, पेटीत नाही. पहिल्या दिवशी मांसाहार टाळा, याचं कारण दुपारी अकरा वाजता समजेल.

सकाळी मतलई वारा असतानाच निघा. इंजिन हळू पुढे घेत दोर गोळा करा, नौका नांगराच्या बरोबर वर आली की दोर गुंडाळून पक्का करा आणि मिनिटभर थांबा. लाटेच्या हेलकाव्यानेच नांगर चिखलातून सुटतो, कंबर मोडायची गरज पडत नाही. वर येईल तो काळ्या चिखलाचा गोळा असेल. बादलीभर पाणी मारून, ब्रशने घासून, साखळीची कडी न् कडी धुवूनच आत घ्या. आळस केलात तर मुरूडचा चिखल वाशीला पोहोचेपर्यंत पेटीत कुजतो, आणि घरी तुमच्या आधी त्याचा वास पोहोचतो.